धावत्या माणसाचे प्रमाणित वजन

माणूस जमिनीवर जितक्या जोराने पाय आपटतो, तितक्याच जोराने जमीन त्याला उत्तर देते, हा निसर्गाचा नियम असून त्यात सुधारणा करणे आजवर कोणत्याही खात्याला जमलेले नाही. जमीन 'उद्या या' म्हणत नाही, 'साहेब जागेवर नाहीत' म्हणत नाही. दिले की तिथल्या तिथे परत. इतका तातडीचा कारभार पाहून कोणाही कार्यालयीन माणसाला अस्वस्थ वाटणे साहजिक आहे. आमच्या वजनमापे कार्यालयाला तसे वाटले, आणि आम्ही त्यावर उपाययोजना केली. तिची ही हकिकत.

आमचे काम तसे सरळ आहे. दुकानांतले काटे तपासायचे. किलोला किलो दाखवणाऱ्या काट्यावर शिक्का मारायचा, आणि जो जास्तीचे दाखवतो तो जप्त करून तळमजल्यावरच्या गोदामात टाकायचा. थोडीफार चूक चालते, तिला आम्ही 'अनुज्ञेय त्रुटी' म्हणतो. त्यापलीकडे गेले की लबाडी. आयुष्यभर हेच करत राहिल्याने माणसाचा स्वभाव घडतो. (माझी बायको 'बिघडतो' म्हणते, पण तिचे म्हणणे पडताळणीसाठी आमच्याकडे कधी आलेले नाही.)

प्रकरण सुरू झाले साहेबांच्या गुडघ्यापासून. डॉक्टरांनी 'थोडी हालचाल ठेवा' एवढेच सांगितले होते. पण साहेबांना थोडे काही करता येत नाही. नवे बूट आणले आणि पहाटे धावायला लागले. आठवडा उलटायच्या आत गुडघा धरून बसले. (साहेबांना गुडघे दोन आहेत, पण दुखण्याच्या बाबतीत डावा सेवाज्येष्ठ आहे.) साहेबांचा गुडघा ही खासगी बाब राहू शकत नाही. त्यांना जिना चढवेना, म्हणून सगळ्या सह्या तळमजल्यावर आल्या. सह्यांमागून आम्ही आलो, आणि गोदामातल्या जप्त काट्यांवर बसून कारभार चालू झाला.

त्याच सुमारास वरून एक परिपत्रक आले. खात्याच्या वार्षिक क्रीडादिनी जो कर्मचारी मैदानाच्या पाच फेऱ्यांत पहिला येईल, त्याला मागेल त्या गावी बदली मिळेल. वाचून कार्यालयात कोणाचीच भुवई हलली नाही. एक सोडून.

ती भुवई आमच्या धाकट्या निरीक्षकबाईंची. वयाने सगळ्यांत लहान, बोलायला मोकळ्या, हिशेबाला चोख. नवरा अपघातात गेलेला. सहा वर्षांची मुलगी दूरच्या गावी आजीपाशी, बसने रात्रभराच्या वाटेवर. बदलीचा अर्ज त्या दर वर्षी करायच्या आणि दर वर्षी 'विचाराधीन' असे उत्तर यायचे. (आमच्याकडे विचार फार खोलवर जाऊन करतात, त्यामुळे वर यायला वेळ लागतो.) एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "लेकीचा पुढचा दात पडला, सर. मी फोनवर ऐकला. बोलताना हवा जाते ना तिच्या, त्यावरून कळलं." एवढे बोलून हसल्या, आणि मग डबा बंद करून उठल्या. खाल्ले काहीच नव्हते.

तर या बाई धावायच्या. बसथांब्यापासून कार्यालयापर्यंत रोज सकाळी, खांद्याला पिशवी लावून. पद्धत म्हणाल तर काहीच नाही. टाच आधी, मग उरलेली बाई. धप धप धप धप. त्या फाटकातून आत आल्या की कपाटांच्या काचा थरथरायच्या आणि घड्याळ न बघता आम्हाला वेळ कळायची. पण वेग असा की हां हां म्हणता दिसेनाशा! मैदानाच्या पाच फेऱ्या त्यांच्यापुढे कोणी मारील, असे कार्यालयात एकालाही वाटत नव्हते. आमच्या टंकलेखकाने तर पुढचे काम हलके व्हावे म्हणून विजेत्याच्या बदलीचा आदेश आधीच टाइप करून ठेवला. त्यात बाईंच्या गावाचे नाव घातले आणि माणसाच्या नावाची जागा कोरी ठेवली. विजेत्याचे नाव आधी लिहिणे नियमबाह्य आहे; गावाचे लिहू नये असे कुठेही म्हटलेले नाही.

इकडे साहेबांच्या गुडघ्यासाठी बाहेरून एक व्यायामतज्ज्ञ बोलावण्यात आला. शिडशिडीत माणूस, बसायला खुर्ची दिली तरी उभाच. समितीपुढे तो म्हणाला, "पाऊल अंगाच्या फार पुढं टाकलं, पाय ताठ ठेवला आणि टाच आपटली, की धक्का सरळ वर गुडघ्यात जातो. पावलं छोटी टाका, भराभर टाका, आणि पायाचा आवाज कमी करा. आवाज कमी झाला की बहुतेक वेळा धक्काही कमी होतो."

इथे साहेबांचा फोन वाजला आणि ते गॅलरीत गेले. तज्ज्ञ बोलतच राहिला. "पण एक लक्षात ठेवा. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. गुडघ्यावरून निघाला की पोटरीवर आणि घोट्यामागच्या शिरेवर जाऊन बसतो. म्हणून हे अगदी सावकाश, महिनोनमहिने करायचं असतं. आणि ज्याला काही दुखत नाही, त्याच्या धावण्याला कृपा करून हात लावू नका."

साहेब खोलीत नसताना झालेले बोलणे इतिवृत्तात घेता येत नाही. समितीचा सचिव या नात्याने मी पेनाला टोपण लावून बसलो होतो. साहेब परत आले तेव्हा तज्ज्ञाचे बोलून झाले होते आणि चहा आला होता. इतिवृत्त त्यामुळे सुटसुटीत झाले.

पुढची कल्पना मात्र अस्सल आमच्या कार्यालयाची, तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. धक्का मोजायचा कसा? साहेबांनी बसल्या जागेवरून खाली पाहिले. गोण्या तोलायचा मोठा काटा होता तो. वर लोखंडी पत्रा, पुढे तबकडी. प्रत्येकाने आधी त्यावर निश्चल उभे राहावे, मग धावत येऊन त्यावर एक पाऊल टाकून पुढे जावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत, असे ठरले. (काटा मुळात लबाडीबद्दल जप्त केलेला होता. पण प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्याच्या अचूकतेवर बोलणे योग्य ठरले नसते.)

चाचणीचे निष्कर्ष डोळे उघडणारे होते. जवळजवळ सगळेच कर्मचारी धावताना आपल्या खऱ्या वजनाहून जास्त भरत होते, कोणी दीडपट तर कोणी दुप्पट. इतकी वर्षे आम्ही दुकानदारांच्या मागे हात धुऊन लागलो, आणि लबाडी आमच्याच पायाखाली! एकटे लेखापाल तेवढे निर्दोष निघाले. उभे असताना एकाहत्तर, धावताना बहात्तर. ते पाय उचलतच नाहीत, घासत नेतात. (त्यांनी जमीन सोडल्याचे त्यांच्या सेवाकाळात कोणी पाहिलेले नाही.) साहेबांची चाचणी गुडघ्यामुळे घेता आली नाही, सबब ती समाधानकारक म्हणून नोंदवली.

मग बाई आल्या. उभ्या पंचावन्न. गॅलरीच्या टोकापासून धावत आल्या, पत्र्यावर टाच आदळली, आणि सुई दीडशेला जाऊन आली.

"बाई, हे काय?" साहेबांनी विचारले.

"काय, सर?"

"तुम्ही आहात पंचावन्न आणि दाखवताय दीडशे!"

"धावताना सगळ्यांचंच होतं सर तसं. तो तज्ज्ञसुद्धा म्हणाला ना, दुखत नसेल तर..."

"इतिवृत्तात नाही," मी म्हणालो.

"अहो पण मला काही दुखत नाही हो!"

"तीच तर गोम आहे," साहेब म्हणाले. "दुखत असतं तर निदान कळलं तरी असतं."

त्याच दिवशी ठराव झाला. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या धावण्याची पडताळणी व मुद्रांकन व्हावे. बुटाच्या टाचेवर खात्याचा शिक्का असल्याशिवाय क्रीडादिनी मैदानात उतरता येणार नाही. आणि शेवटच्या रेषेवर हाच काटा जमिनीत बसवून विजेत्याची फेरपडताळणी करावी. बाईंना क्रीडादिनापर्यंतच्या पाच आठवड्यांत दीडशेवरून अनुज्ञेय त्रुटीच्या आत यायचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले, कारण उजेड कमी वाटत होता.

आणि काय सांगू, कार्यालयाचा कायापालट झाला! जिकडेतिकडे अलगद पावले. माणसे गॅलरीतून अशी जायची की वारा बरा, तो निदान दार तरी आपटतो. कोण कधी मागे येऊन उभा राहील याचा नेम नाही. पूर्वी साहेबांची पावले जिन्यावर वाजायची आणि ते दारात येईपर्यंत अख्खे कार्यालय कामाला लागलेले असायचे. आता साहेब चवड्यांवर यायचे. एका दुपारी आवक-जावक लिपिक घोरताना सापडला, आस्थापनेतला एकजण शब्दकोडे सोडवताना सापडला, आणि मी ज्या स्थितीत सापडलो ती इथे सांगण्यासारखी नाही. शिस्तीचा पार बोजवारा उडाला. शेवटी साहेबांच्या पुढे दहा पावलांवर शिपायाने जोरात पाय आपटत चालावे, असा तोडगा निघाला. साहेबांचा गुडघा सुधारला. शिपायाचा धरला. (शिपायाचा गुडघा वर्ग चारमध्ये येतो आणि त्यासाठी वेगळी समिती लागते.)

घरी बायको करवादली. "अहो, मांजरासारखे काय येता? केवढी दचकले मी! पूर्वी तुमची चाहूल लागली की मी चहा टाकायची." मी तिला आघातभाराचे महत्त्व समजावून सांगितले, बाईंच्या दीडशे किलोंचीही गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्या पोरीला सुखानं धावू द्या की. तिचं लेकरू तिकडं, आणि तुम्ही इकडं तिच्या टाचा मोजताय. लाजा कशा वाटत नाहीत?" बायकांना तांत्रिक विषयात भावना आणायची खोड असते. चहा मला त्या दिवशी स्वतःच करून घ्यावा लागला.

बाईंनी मात्र कसूर केली नाही. छोटी पावले, चवडा आधी, गुडघा सैल, आवाज नको. रोज सकाळी मैदानावर त्या अशा धावायच्या की शेजारच्या झाडावरचा पक्षी उडायचा नाही. दर शनिवारी काट्यावर यायच्या. दीडशेचे एकशेतीस झाले, एकशेतीसचे एकशेवीस. तिसऱ्या शनिवारी मला म्हणाल्या, "सर, पोटरीत गोळे येतायत. घोट्यामागची शीर अशी ओढते की सकाळी पहिलं पाऊल टाकवत नाही."

"गुडघा?" मी विचारले.

"गुडघ्याला काही नव्हतंच, सर."

"मग छान," मी म्हणालो, आणि 'गुडघा: निरंक' असे लिहिले.

चौथ्या आठवड्यात बाई भिंतीला धरून चालू लागल्या, आणि त्याच शनिवारी काट्याने आजवरचा सर्वांत सुंदर आकडा दाखवला. साठ! समितीने उभे राहून टाळ्या वाजवल्या. कारणमीमांसा करता असे दिसून आले की लंगडणारा माणूस दुखरे पाऊल अत्यंत अलगद टाकतो. किंबहुना लंगडणे हीच धावण्याची आदर्श पद्धत होय. सर्व कर्मचाऱ्यांनी शक्यतो लंगडावे, अशी शिफारस एकमताने मंजूर झाली. बाईंच्या बुटांवर शिक्का मी स्वतः मारला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला वाटले, आनंदाचे असेल. कोणत्या पायाचे आहे ते विचारायचे राहून गेले.

क्रीडादिनी हवा छान होती. मैदानाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही सगळे, आमच्या सौभाग्यवती, शेजारच्या कार्यालयांतले पाहुणे, सगळे ऐसपैस बसलो होतो. कडेला एक म्हातारी उभी होती आणि तिचे बोट धरून एक मुलगी. दोघी रात्रभर बसमध्ये बसून आल्या होत्या, कारण आजीला कोणीतरी सांगितले होते की आज आईची बदली होणार. मुलीने नवा फ्रॉक घातला होता आणि तिचा पुढचा दात खरोखरच पडलेला होता.

शिट्टी झाली. आठ प्रमाणित कर्मचारी लंगडत निघाले. दृश्य अतिशय शिस्तबद्ध होते. पहिल्या फेरीला कोणाच्याही पायाचा आवाज नव्हता; पाहुण्यांपैकी एकाने तर 'कोणी वारलंय का?' असे हळूच विचारले. तिसऱ्या फेरीला बाई चौथ्या होत्या, आणि त्यांचे लंगडणे एवढे अस्सल होते की साहेबांनी शेजाऱ्याला कोपर मारून दाखवले. चौथ्या फेरीला बाई आजीजवळून जात असताना मुलगी किंचाळली, "आई, पळ की! अशी काय चालतेस?"

आणि बाईंनी सगळे सोडले. एकदम, जणू कोणी मानेवरचे ओझे खाली टाकावे. टाच आधी, मग उरलेली बाई. धप धप धप धप! दर पावलाला चेहरा वेडावाकडा होत होता, ओठ दाताखाली धरला होता, पण पाय थांबेनात. तिसरा गेला, दुसरा गेला, पहिला गेला. खोटे कशाला बोलू, मी पेनाचे टोपण काढायचे विसरलो. माझी बायको उठून उभी राहिली होती, तिला मी हाताला धरून खाली बसवले, मागच्यांना दिसत नव्हते. बाई शेवटच्या रेषेवरच्या पत्र्यावर अशा आदळल्या की आवाज मैदानभर घुमला. बाकीचे अजून वळणावर होते.

सुई तबकडीच्या शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली आणि थोड्या वेळाने नाइलाजाने परत आली.

साहेबांनी चष्मा पुसला, आकडा वाचला आणि निर्णय दिला. धावणे अनुज्ञेय मर्यादेबाहेर, सबब जप्त. (माणूस जप्त करण्याची तरतूद नसल्याने केवळ क्रमांक जप्त.) मागून आलेले सहा जण बाईंना पाहून घाईला आले आणि तेही शेवटी खरेखुरे धावले, सहाही बाद. मग सगळे वाट पाहत बसलो. बक्षिसांच्या टेबलावरचा कपडा घडी करायला घेतला तेव्हा लेखापाल आले, पाय घाशीत. बहात्तर. चाचणीहून एकही किलो इकडेतिकडे नाही. टाळ्यांच्या गजरात टंकलेखकाने कोऱ्या जागी त्यांचे नाव भरले.

लेखापालांनी आदेश वाचला आणि ते मटकन खाली बसले. "अहो, पण मला कुठं जायचंय? माझं घर इथं आहे! दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. ते गाव मी नकाशात पण पाहिलं नाही!"

"अभिनंदन," साहेब म्हणाले.

बाई एका पायावर उड्या मारत टेबलापाशी आल्या. "सर, काकांना जायचं नाही, मला जायचंय. नाव तेवढं बदला. एवढंच तर करायचंय. पाया पडते तुमच्या."

"नाव बदलता येत नाही, बाई. विजेताच बदलायचा असेल तर तो पुढच्या वर्षी. आणि पाया पडू नका, गुडघ्यावर ताण येतो," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरीची काळजी होती.

बाई मैदानाच्या कडेला जाऊन गवतावर बसल्या. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. "आई, तू पहिली आलीस ना?" बाई म्हणाल्या, "हो गं, बाळा." (हे उत्तर अभिलेखाशी विसंगत आहे.) "मग आता आपण एकत्र राहायचं?" याला त्यांनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही; मी इतिवृत्त लिहीत होतो. संध्याकाळच्या बसने म्हातारी आणि मुलगी परत गेल्या. पुढच्या आठवड्यात लेखापालही त्याच बसने गेले, खिडकीशी बसून, रुमाल डोळ्यांना लावून. बाई अजून इथेच आहेत. आता धावत नाहीत. कपाटांच्या काचा शाबूत आहेत आणि आम्हाला वेळ बघायला घड्याळ लागते.

त्या दिवशी मैदानावर खुर्च्या भरगच्च होत्या. कोण पहिले आले, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सगळे हळहळले, चुकचुकले, 'फार वाईट झालं हो' असे एकमेकांना म्हणाले, आणि आपापल्या जागी बसून राहिले. मी मुद्दाम नंतर पाहणी केली. बसल्या बसल्या हळहळणाऱ्या माणसाचे वजन हळहळीपूर्वी जितके असते तितकेच हळहळीनंतर भरते. जमिनीला पत्ता लागत नाही आणि गुडघ्यांना धक्का बसत नाही. आमच्या दृष्टीने याहून निर्दोष माणूस नाही.

आता हे वाचून आपल्यालाही बाईंबद्दल वाईट वाटले असेल. साहेबांचा रागही आला असेल, क्षणभर माझाही. वाटू द्या, प्रकृतीला चांगले असते. वाचायला घेतले तेव्हा जिथे बसला होता तिथेच आहात ना? मग काळजी नको. आपण अनुज्ञेय मर्यादेत आहात. बसा, बसा, उठू नका.